सहा रुपये सुट्टे नव्हते

६ जानेवारी, सोमवार. पहाटे पावणेपाच

टेम्पो गेला. जमना टोपल्या घेऊन बोईसरच्या बाजारात गेली. मी घरी. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी उलटसुलट सांगायला नको. सातपाटीच्या मच्छीमार सोसायटीत मी एकतीस वर्षं पापलेट निवडली. सुपर, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. काट्यावर टाकायच्या आधीच हाताला कळायचं. रिटायर झाल्यावर बाजारात जमनाच्या शेजारी स्टुलावर बसलो. तिने मासळी द्यायची, मी पैसे घ्यायचे, सुट्टे द्यायचे. नऊ वर्षांत एक तक्रार नाही. म्हणजे मोठी नाही.

शनिवारी झालं ते असं. सरकारने वीस रुपयांचं नाणं दहाच्याच मापाचं काढलं आहे. मी चौदा गिऱ्हाइकांना दहा समजून वीस दिले. एकशेचाळीस रुपये गेले. यात चूक सरकारची. एक, दोन, पाच, दहा, सगळी नाणी चढत्या मापाची. मग वीसलाच काय झालं? एका मापाची मासळी दोन भावांनी कोण विकतो?

जमना भांडली नाही. म्हणाली, "आवो, तुमी आता जरा आराम करा." इतक्या गोड आवाजात ती गिऱ्हाइकाशीही बोलत नाही.

संकल्प: आठ दिवसांत स्टूल परत मिळवायचं.

७ जानेवारी, मंगळवार

सूनबाईने, हेमालीने, बाजारात साउंड बॉक्स बसवून दिला. गिऱ्हाईक फोन दाखवतं आणि ते डबडं ओरडतं, "साठ रुपये मिळाले." सुट्ट्यांचं काम नाही, थुंकी लावून नोटा मोजणं नाही.

डबडं कुठे ठेवलंय, विचारलं. हेमाली म्हणाली, "बाबा, तुमच्या स्टुलावर. तिथं बरोबर बसलं."

जेवलो नाही. रात्रीची प्रेशरची गोळी दुपारीच घेतली.

९ जानेवारी, गुरुवार

अभ्यास सुरू. दहाचं नाणं गोल, वीसच्या नाण्याला बारा कोन. डोळे मिटून बोटाने मोजायचे. पहिल्यांदा बारा आले. दुसऱ्यांदा तेरा. सुरुवात कुठून केली ते लक्षात राहत नाही. खडूने खूण करणार.

जमना दुपारी आली. धंदा कसा झाला, विचारलं. म्हणाली, "झाला." पूर्वी टेम्पोतून येताना ती सगळं सांगायची. कोणी घासाघीस केली, कोणी बोंबील दाबून दाबून बघितले आणि घेतले नाहीत. आता मी टेम्पोत नाही. घरी येईपर्यंत तिचं सांगून संपलेलं असतं.

११ जानेवारी, शनिवार. सकाळ

मुलगा दिपेश रजेवर आलेला आहे. परदेशी क्रूझवर स्वयंपाकघरात आहे. अठ्ठावीसला परत जाणार. हेमाली त्याला म्हणत होती, "बाबांना कायतरी काम द्या हो. दिवसभर माझ्या मागं मागं फिरतात." कोणाच्या बाबांबद्दल चाललं होतं कळलं नाही.

मग दिपेशने कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. दोन किलोच्या वर भरेल. आत अमेरिकेची नाणी. प्रवासी जाताना हातावर ठेवतात ती. म्हणाला, "बाबा, एवढी निवडून ठेवा. जाताना घेऊन जाईन, तिथंच चालतात." आणि लगेच जहाजाच्या मेडिकलसाठी, कागदांसाठी मुंबईला निघाला. आठ-दहा दिवस तिकडेच.

म्हणजे परदेशी पैसा माझ्या ताब्यात. जमनाला मुद्दाम ऐकू जाईल असं बोललो. ती कोळंबी सोलत होती.

१२ जानेवारी, रविवार

दिवसभर निवड. चटईवर जुनं वर्तमानपत्र पसरलं. हात काही विसरले नाहीत. चार मापं निघाली.

सुपर सगळ्यात मोठं, पांढरं. आमच्यात मोजणी विसाने. चार विसा भरली, म्हणजे ऐंशी. एक नंबर जाडसर, सहा विसा, एकशेवीस. दोन नंबर तांबडं, पंधरा विसा, तीनशे. आणि तीन नंबर, सगळ्यात लहान, पातळ, कडेला दाते. ते अकरा विसा. दोनशेवीस!

तीन नंबरचा माल फार. मोठमोठ्या जहाजावरची माणसं पोराच्या हातावर असला बारीक माल टेकवतात. चीड आली.

१३ जानेवारी, सोमवार. दुपार

हेमालीला भाव विचारला. ती भाकऱ्या भाजत होती. म्हणाली, "शंभर सेंटचा एक डॉलर, बाबा. नि डॉलर आज शहाऐंशी रुपये." कॅलक्युलेटर लावून फोन माझ्या हातात दिला आणि तव्याकडे वळली.

शहाऐंशीला शंभराने भागलं. एक सेंट म्हणजे शहाऐंशी पैसे. रुपयाच्या आत! तीनदा करून बघितलं. त्यांचा सेंट आपल्या रुपयाहून लहान. इतकी वर्षं उगाच दबून होतो.

मग भिंग घेऊन अक्षरं लावली. सुपरवर क्वार्टर लिहिलंय. क्वार्टर म्हणजे किती, हे सातपाटीत कोणाला शिकवावं लागत नाही. पाव. पाव डॉलर, साडेएकवीस रुपये. एक नंबरवर फाइव्ह सेंट्स, म्हणजे चार रुपये तीस पैसे. दोन नंबरवर वन सेंट.

तीन नंबरवर आकडा नाही. वन आहे, आणि पुढे चार अक्षरांचा एक शब्द. आमची पाचवी अर्धी राहिली, तोपर्यंत तो आला नव्हता. वन म्हणजे एक. एक काहीतरी. मापाने सेंटहून लहान, तेव्हा किमतीनेही लहान. पूर्वी आपल्याकडे पैशाच्या खाली पै होती, तसलं काही असणार. हेमालीला विचारणार होतो, पण तिची भाकरी फुगत होती. आणि एवढं कळायला विचारायचं कशाला? मासळी स्वतःच्या पाठीवर भाव लिहून येत नाही. माप बघायचं.

पक्कं ठरवलं. ही नाणी रुपये करून जमनाच्या हातात ठेवायची. डॉलर सुट्टे करणारा माणूस दहा-वीसमध्ये चुकतो, असं मग कोण म्हणेल?

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

पालघरला बँकेत गेलो. डबा पिशवीत. खांदा गेला. काउंटरवरच्या मुलीने डब्यात वाकून बघितलं. म्हणाली, "काका, परदेशी नाणी नाही घेत. नोटा असतील तर बघू." मी म्हटलं, मॅडम, नोटेचा बाप नाणं. ती म्हणाली, "पुढचे या." आणि मला तिळगूळ दिला.

तिला सेंट समजत नसावेत. लाज वाटू नये म्हणून नोटांचं कारण काढलं. मीही ताणलं नाही.

घरी आल्यावर जमनाने विचारलं, एवढं जड घेऊन कुठं गेला होतात? म्हटलं, व्यायाम. तिने खांद्याला तेल चोळून दिलं, पण पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगून टाकलं असतं.

१६ जानेवारी, गुरुवार

घरात बसवत नाही. टेम्पोचा आवाज आला की पायांना आपोआप चपला लागतात. आज तर पिशवी घेऊन दारापर्यंत गेलो होतो. जमना टेम्पोतून म्हणाली, "आवो, दार लावून घ्या, मांजर शिरल." टेम्पोतल्या बाकीच्या बाया हसल्या. मांजरासाठी हसल्या असतील.

संध्याकाळी हेमालीने सांगितलं, डबडं आज दोनदा गप्प झालं. पत्र्याखाली रेंज येत नाही. मी वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. मग मोरीत जाऊन मोकळा हसलो.

१८ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी सहा

झालं! मोठं काम झालं! क्रमाने लिहितो.

बेटेगावचा पंढरी आमचं जुनं गिऱ्हाईक. शाळेत शिपाई होता. त्याची पोरगी दिशा शिकायला अमेरिकेला चालली आहे, हे जमनाच्याच तोंडून ऐकलं होतं. रिक्षा करून थेट त्याच्या घरी गेलो. म्हटलं, पंढरी, पोरगी परक्या मुलखात उतरणार. तिथे गाडीवाला, चहावाला सुट्टे मागणार. डॉलरच्या नोटा सगळेच नेतात, चिल्लर कोण नेतो? बाप म्हणून विचार केलास का?

पंढरी घाबराच झाला. म्हणाला, "ह्ये तर आमच्या ध्यानातच नाय आलं, दादा." दिशा खरेदीला पालघरला गेली होती, हे एक बरंच झालं. शिकलेल्या पोरी मध्ये मध्ये बोलतात.

ओटीवर तिन्ही मालाचे ढीग लावले. सुपर ऐंशी, सतराशेवीस रुपये. एक नंबर एकशेवीस, पाचशे सोळा. दोन नंबर तीनशे, दोनशे अठ्ठावन्न. एकूण दोन हजार चारशे चौऱ्याण्णव. कागदावर दोनदा मांडलं, एकदा पंढरीने मांडलं. एका पैशाचा फरक नाही. खुल्या दिलाचा माणूस, पाचशेच्या पाच नोटा काढून दिल्या.

त्याला परत द्यायचे सहा रुपये. माझ्याकडे सहा रुपये सुट्टे नव्हते. त्याच्याकडेही नव्हते. म्हणाला, "राहू द्या हो दादा, सहा रुपये काय." पण मी हिशेबाचा माणूस. जमनाचं बघितलंय ना. सुट्टे नसले की ती गिऱ्हाइकाच्या पिशवीत वरून लहान मासळी घालते, गिऱ्हाईक खूश. तेच केलं. डब्यातला सगळा तीन नंबरचा माल त्याच्या ढिगावर ओतला. दोनशेवीसच्या दोनशेवीस. पंढरी म्हणाला, "आवो, येवढं कशाला?" म्हटलं, ठेव रे. वरचं मोजायचं नसतं.

रिक्षाचे एकशेऐंशी मी वेगळे धरतो. तो भांडवली खर्च.

१९ जानेवारी, रविवार

जेवण झाल्यावर जमनासमोर पाच नोटा ठेवल्या. एक-एक करून, पत्ते मांडल्यासारख्या. हेमालीने लगेच दिपेशला फोन लावला. तो म्हणाला, "विकली? बरं झालं बाबा, ओझं गेलं. पैसे आईला राहू द्या." पुढे भाव विचारत होता, पण मी फोन हेमालीला देऊन टाकला. धंद्यातल्या गोष्टी फोनवर बोलू नयेत.

जमना नोटांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. फार वेळ. डोळ्यांत पाणी होतं की कांदा कापला होता, विचारायचं राहिलं. म्हणाली, "उद्या चला बाजारात. टेम्पोत जागा हाय."

टेम्पोत जागा आहे. टेम्पोत जागा होतीच. पण ती म्हणाली.

२० जानेवारी, सोमवार

स्टुलावर बसलो. डबड्याला बर्फाच्या खोक्यावर हलवलं. त्याची जागा ती.

गिऱ्हाइकं बावन्न. पैकी रोख देणारी सहा. नाणी आली तीन. तिन्ही बरोबर मोजली. बाकी सगळा वेळ डबडं बोलत होतं. ऐंशी मिळाले. एकशेवीस मिळाले. प्रत्येक वेळी माझा हात गल्ल्याकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. संध्याकाळी दंड दुखतोय.

पण येताना टेम्पोत जमनाने सगळं सांगितलं. कारखान्यातल्या एका पोराने बांगडा उलटा धरून विचारलं, "मौसी, ये ताज़ा है क्या?" तर ती म्हणाली, "बेटा, तेरे से तो ताज़ा है." मी तिथेच बसलो होतो, मी ऐकलं होतं. तरी पुन्हा ऐकलं.

२२ जानेवारी, बुधवार

डबड्यावर ओलं गोणपाट टाकलं. उन्हाने तापू नये म्हणून. आवाज बंद झाला, रेंज गेली, हा योगायोग. पाऊण तास मी एकट्याने गल्ला सांभाळला. मग जमनाने गोणपाट उचललं, माझ्याकडे बघितलं, पिळून बाजूला ठेवलं. हे तिचं न बोलणं मला अलीकडे फार कळू लागलं आहे.

२३ जानेवारी, गुरुवार. दुपारी तीन

लिहवत नाही. लिहितो.

साडेदहाला पंढरी आला. सोबत दिशा. ऐन गर्दी. पंढरी म्हणाला, "वहिनी, दादांकडून आमाला जास्तीचं आलं हाय. पोरीनं मोजलं." दिशा हात जोडून म्हणाली, "आजोबा, ती लहान नाणी दहा सेंटची आहेत. एकेक दहा सेंट. तुम्ही बावीस डॉलर वरती घातलेत."

मी म्हटलं, बाळ, ते सेंटहून लहान आहे. ती म्हणाली, "हो, दिसतं लहान." आणि थांबली. चांगली पोरगी आहे. थांबली नसती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, राहू दे. वरचं मोजायचं नसतं. पंढरी म्हणाला, "नाय दादा. पोर परदेशी चाललंय. फुकटचं घेऊन कसं जाईल?" आणि फोन काढला. बावीस डॉलरचे अठराशे ब्याण्णव. त्यातून माझ्याकडे राहिलेले सहा वळते केले. खोक्याला लावलेल्या चित्रासमोर फोन धरला.

डबडं ओरडलं. "एक हजार आठशे शहाऐंशी रुपये मिळाले."

एवढी रक्कम त्याने आजवर उच्चारली नव्हती. सगळा बाजार वळून बघायला लागला. शेजारची भागी सुरी हातात धरून म्हणाली, "गो जमना, शार्क विकलास काय?" मग पंढरीने तिला सगळं समजावून सांगितलं. पहिल्यापासून. मोठ्या आवाजात. ऐकून भागीने पलीकडच्या बाईला सांगितलं, तिने तिच्या पलीकडच्या. मासळीबाजाराला साउंड बॉक्स लागतो कशाला, मला समजत नाही.

जमनाने दिशाला पापलेटाची जोडी दिली. सुपर. वर चार बोंबील घातले. पैसे घेतले नाहीत.

टेम्पोत बसल्यावर पहिल्यांदा बोलली. "सहा रुपये सुट्टे नव्हते तर पंढरीला बोलायचं, बाजारात येशील तवा घे. मी चार बोंबील घातले असते. संपलं असतं." मग रिकामी टोपली पायाशी ओढत, माझ्याकडे न बघता, "पैशाला हात नका लावू आता."

मी म्हटलं, अमेरिकेने माप पाळायला पाहिजे होतं. तिने डोळे मिटून घेतले होते.

२४ जानेवारी, शुक्रवार

घरी.

२५ जानेवारी, शनिवार

घरी. विचार केला. पैसे परत आले, म्हणजे नुकसान शून्य. उलट दोन हजार चारशे चौऱ्याण्णवचे चार हजार तीनशे शहाऐंशी झाले. सेंटच्या धंद्यात पाच दिवसांत एवढा नफा कोणी मिळवला आहे? हेमालीला समजावून सांगितलं. म्हणाली, "हो बाबा." आणि टीव्हीचा रिमोट माझ्या हातात दिला.

२८ जानेवारी, मंगळवार

दिपेश गेला. पाया पडताना म्हणाला, "पुढच्या वेळी आणखी आणीन, बाबा. निवडायला." त्याला म्हटलं, नको. त्याने ऐकलं नसावं. मी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

आता घरात हेमाली आणि मी. ती एका खोलीतून दुसरीत जाते, तेव्हा मी मुद्दाम जाग्यावर बसून राहतो. आज दोन तास एकाच खुर्चीवर होतो. तिने येऊन बरं वाटतंय ना, विचारलं. कपाळाला हात लावून बघितला, पाणी दिलं. पण बरं नाही असंही म्हणता येईना. काय दुखतं, ते सांगावं लागलं असतं.

पहाटे टेम्पो वळतो तेव्हा त्याचा उजेड भिंतीवरून जातो. तेवढा बघून घेतो. मग दिवस संपला असं धरायला हरकत नाही.

३० जानेवारी, गुरुवार. रात्रीचं जेवण झाल्यावर

जमना तावातावाने आली. दोन पोरांनी फोनवर पैसे गेल्याचं जुनं चित्र दाखवलं आणि सहाशेची कोळंबी उचलून नेली. डबडं गप्प होतं. पत्र्याखाली रेंज नाही. स्टुलावर ठेवलं तर खाली पडतं, खोक्यावर ठेवलं तर बर्फाचं पाणी जातं, बाहेरच्या खांबाला बांधलं तर ओरडतं पण तिला ऐकू येत नाही. म्हणाली, "कोणीतरी कडेला धरून बसायला पायजे."

मी ताटातला भात चिवडत राहिलो.

म्हणाली, "आवो, मी कोणाशी बोलते हाय?"

३१ जानेवारी, शुक्रवार

स्टूल परत मिळालं. आठ दिवसांत मिळवायचं म्हटलं होतं, एकतीसला मिळालं. म्हणजे वेळेतच. (आठ दिवस कोणते, ते लिहिलं नव्हतं.)

पत्र्याच्या कडेला बसलो. डबडं मांडीवर. उन्हाच्या बाजूला थोडं तिरकं धरलं की रेंजच्या दोन काड्या येतात, हे मी एका तासात शोधून काढलं. दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. तिसरी काडी आली तेव्हा जमनाला हात करून दाखवली. तिने मान हलवली.

एका बाईने दहाचं म्हणून एक नाणं माझ्यापुढे धरलं. मी दोन्ही हात डबड्यावरच ठेवले आणि जमनाकडे मान केली. जमनाने ते घेऊन गल्ल्यात टाकलं. पडताना मी कोन मोजले. बारा. की तेरा. बोललो नाही.

डबडं आज एकेचाळीस वेळा बोललं. मी एकदा. चार्जिंग संपत आलंय, असं म्हणालो.